सरांची रेघ आणि कॅलेंडरची बारा पानं : रंगकामाच्या नोंदी

७ जुलै

काम पक्कं झालं. सरांनी पेन-शाईत काढलेली नाशिकची बारा चित्रं पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी रंगवायची. खर्च भांडीबाजारातल्या शेठजींचा. त्यांच्या दुकानाचं कॅलेंडर दरवर्षी निघतं, आजवर त्यावर लक्ष्मी आणि बालाजी असायचे. यंदा त्यांच्या मुलाच्या डोक्यात 'आपलं नाशिक' आलंय.

सर म्हणजे आमचे शाळेतले चित्रकलेचे सर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली आमची सगळी पोरं त्यांच्याच हाताखालची. चित्रं हातात देताना त्यांनी अट एकच घातली, "रंग तुला पटतील ते दे. रेघेला मात्र हात लावायचा नाही."

चित्रं ए-३ कार्ट्रिज कागदावर, टाकानं काढलेली, जाड रेघ हवी तिथे बोरू. मार्चच्या पानावर रंगपंचमीची रहाड (रंगाचा हौद), ऑगस्टच्या पानावर पुरातला दुतोंड्या मारुती, नोव्हेंबरला पांडवलेणी. बाकी नारोशंकर, सुंदरनारायण, सरकारवाडा, तांबट आळी, घाटावरचा भाजीबाजार वगैरे. काम क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं ठरवलं. फुकट आहे हे एक, आणि रेघेच्या चित्रात रंग भरायची साधनं त्यात चांगली आहेत हे दुसरं.

९ जुलै

स्कॅनिंग. ए-३ स्कॅनर शालिमारच्या बाजूला एका दुकानात मिळाला. दुकानातला मुलगा सवयीनं 'ब्लॅक अँड व्हाइट' लावत होता, त्याला थांबवलं. त्या मोडमध्ये प्रत्येक ठिपका एक तर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही उरत नाही. टाकाची रेघ सुटताना जी केसाएवढी बारीक होते ती तिथेच तुटते. म्हणून ग्रेस्केल, म्हणजे मधले करडेही टिपणारा मोड, ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके). एका चित्राची फाइल ७०१६ × ९९२१ पिक्सेल.

छपाईत चित्र ए-४ आकाराचं येणार आहे. म्हणून दोन फायली : रेघांची ६०० डीपीआयवर, म्हणजे ४९६० × ७०१६, आणि रंगाची ३०० वर, म्हणजे २४८० × ३५०८. एक दुसरीच्या बरोबर दुप्पट, त्यामुळे शेवटी एकावर एक ठेवताना सरकायची भीती नाही. रंगाला ३०० पुरतात. रेघेची कड मात्र ३०० वर मऊ पडते, ती नजरेला लगेच कळते.

लेव्हल्स (काळं कुठवर, पांढरं कुठून हे ठरवायचं साधन) लावताना सगळं लक्ष सर्वांत बारीक हॅचिंगवर, म्हणजे सावलीसाठी जवळजवळ ओढलेल्या रेघांवर, ठेवलं. कागदाचा पिवळटपणा घालवायच्या नादात पांढरी खूण जास्त आत ओढली की आधी तीच रेघ जाते. थोडा करडेपणा राहिला तर राहू दे. मग 'कलर टू अल्फा' वापरून पांढरा काढून टाकला. रेघांचा लेयर (चित्राचा एक थर) पारदर्शक झाला, त्याला कुलूप घातलं. यापुढे सगळं त्याच्या खाली.

१४ जुलै

पहिलं पान नारोशंकराच्या देवळाचं. बादलीनं, म्हणजे एका क्लिकमध्ये जागा भरणाऱ्या साधनानं, शिखरात रंग ओतला आणि आकाश, घाट, पाणी सगळं एका दमात तपकिरी झालं.

सर रेघ बंद करत नाहीत. उजेड ज्या बाजूनं येतो त्या बाजूला शिखराची कड त्यांनी काढलेलीच नाही, चार तुटक खुणा आहेत आणि बाकीचं बघणाऱ्यानं समजून घ्यायचं. डोळा समजून घेतो. बादलीला शेजारच्या पिक्सेलचा रंग वेगळा आहे की नाही एवढंच कळतं. फट एका पिक्सेलची असली तरी रंग बाहेर जातो.

फट बुजवून भरायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. गिंपमध्ये २.१० मालिकेत, २०१९ साली, बादलीला रेघचित्र ओळखून भरायचा पर्याय आला. फट जास्तीत जास्त किती पिक्सेलची धरायची ते तिथे सांगता येतं. क्लिप स्टुडिओतही फट बंद करायचा पर्याय आहे. आकडा लहान ठेवला तर शिखराची कड सुटते. मोठा केला तर सभामंडपाच्या जाळीतली भोकंच फटी समजून बुजतात. सरांच्या चित्रात दोन इंच कोरी जागाही 'रेघ'च असते, तिला फट कसं म्हणणार?

कॉमिक्सचं काम करणारा माझा एक मित्र म्हणाला, "रेघांच्या कॉपीवर जिथे तुटलंय तिथे जोडून टाक ना, कोण बघतंय?" सर बघतात. आणि जोडलेलं शिखर दगडाचं दिसत नाही, पुठ्ठ्याचं कापून लावल्यासारखं दिसतं. मी करून पाहिलं नाही, दुसऱ्यांच्या कामात पुष्कळ पाहिलंय.

१५ जुलै

तोड निघाली. रेघांच्या खाली एक वेगळा लेयर, नाव 'बंधारा'. जिथे रंग अडवायचा तिथे त्यावर भडक गुलाबी, दोन पिक्सेलची कडक ब्रशची रेघ. रेघांचा लेयर आणि बंधारा दोघांनाही एकाच रंगाचं लेबल दिलं. भरायच्या साधनात 'रेफरन्स' म्हणून लेबलवाले लेयर निवडले. आता बादली दोन्ही बघते, पण रंग तिसऱ्याच, सपाट रंगांच्या लेयरवर पडतो. काम झालं की बंधाऱ्याचा डोळा मिटवायचा, म्हणजे लेयर लपवायचा. सरांची रेघ जशीच्या तशी, उघडी.

आणखी दोन सेटिंग्ज. 'ग्रो' तीन पिक्सेल, म्हणजे रंग रेघेच्या पोटाखाली थोडा सरकतो. नाहीतर रेघेच्या कडेचा करडा भाग आणि रंग यांच्यामध्ये पांढरी किनार राहते; स्क्रीनवर दिसत नाही, कागदावर डोळ्यांत खुपते. आणि अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा मऊ करायची सोय, बंद. सपाट रंगांच्या कडा कापल्यासारख्या असल्या की नंतर एका क्लिकमध्ये तेवढाच रंग निवडता येतो. मऊ कडेवर जादूची कांडी अर्धवट निवडते आणि मग दिवसभर पुसत बसा.

बंधारा घालताना सरांचा हात जास्त कळला. कुठे रेघ सोडायची हे त्यांनी उन्हावर ठरवलंय. सगळ्या फटी पूर्वेच्या बाजूला.

२२ जुलै

तांबट आळी. हंडे, घागरी, बंब, परातींची उतरंड. इथे बहुतेक आकार बंद आहेत, म्हणून 'कलराइझ मास्क' वापरला. पद्धत अशी : रेघांच्या लेयरला मास्क लावायचा, प्रत्येक भांड्यावर हव्या त्या रंगाचा एक फराटा मारायचा, जिथे काही नको तिथे एक रंग 'पारदर्शक' म्हणून नेमायचा आणि 'अपडेट' दाबायचं. फराट्यांमधली हद्द कुठे घालायची ते रेघा पाहून तोच ठरवतो. हॅचिंगच्या जागी हा बादलीपेक्षा शहाणा. बादली दोन रेघांमधल्या प्रत्येक चौकोनात वेगळी ओतावी लागते, फराटा सगळ्या जाळीवरून सरळ जातो.

६०० च्या फाइलवर हा मास्क संगणकाला घाम फोडतो. ३०० च्या फाइलवर चहा येईपर्यंत होतो. निकाल पटला की मास्कचा साधा लेयर करायचा आणि 'स्प्लिट लेयर'नं रंगागणिक वेगळे लेयर पाडून घ्यायचे.

तांबं आणि पितळ. दोन्हीला 'सोनेरी' लावलं तर शेठजी पहिल्या नजरेत पकडतील, त्यांचा पिढीजात धंदा आहे. तांब्याची सावली लालसर तपकिरी, पितळेची हिरवटाकडे झुकणारी. चकाकी रंगामुळे येत नाही, गडद आणि फिकट एकमेकांना खेटून असले की येते. घागरीच्या पोटावर जवळजवळ काळ्या पट्ट्याला लागूनच कोरा कागद सोडलाय. तो कोरा भाग सरांनीच सोडलेला होता, मी फक्त त्यात काही भरलं नाही.

३ ऑगस्ट

धरणातून पाणी सोडलंय, म्हणून सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, गेले. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात. आज गुडघ्याच्या वर होतं. सरांच्या चित्रात कमरेच्या वर आहे.

पाण्याचा रंग बघायला गेले होते. लांबून तपकिरी, पण पुलावरून खाली पाहिलं तर वळणाच्या जागी करडा आणि आभाळ उजळलं की वरून थोडा निळसर. ओला काळा दगड आभाळाचा रंग घेतो, कोरडा तोच दगड तपकिरी-करडा. म्हणून घाटाच्या पायऱ्यांना दोन करडे : पाण्यालगत थंड, वर गरम. शुद्ध करडा कुठेच नाही, तो शेंदराच्या शेजारी मेल्यासारखा दिसतो.

सरांनी पाण्याला कड दिलेली नाही. मारुतीच्या अंगाला लागून आठ-दहा आडवे फटकारे, बाकी कागद. इथे बंधारासुद्धा घालायचा नाही असं ठरवलं. पाण्याचा रंग रुंद ब्रशनं, हातानं, कागदाच्या कडेकडे विरत नेला. शेंदूर सपाट ठेवला. पान लवकर संपलं.

१८ ऑगस्ट

रहाड. या पानासाठी वेळ राखून ठेवला होता.

बाहेरच्यांसाठी : नाशिकची खरी धुळवड रंगपंचमीला. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद. वर्षभर फळ्या टाकून, माती लोटून बुजवलेले असतात, वरून रहदारी चालते. रंगपंचमीच्या आधी उघडतात, पूजा होते, फुलं उकळून केलेला रंग ओततात आणि पोरं वरून उडी घेतात. त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनि चौकात गुलाबी, तिवंध्याला पिवळा. सरांचं चित्र तिवंध्याचं.

म्हणजे पान सगळं पिवळं. माणसं पिवळी, कपडे पिवळे, पाणी पिवळं, हौदाची कड पिवळी. रंगावरून माणूस माणसापासून वेगळा करायची सोयच नाही. सरांनी काळ्या शाईत ही अडचण सहज सोडवली होती, मागच्या गर्दीवर हॅचिंग दाट आणि पुढची माणसं मोकळी.

आधी प्रत्येकाला त्याचा कोरडा रंग दिला : पांढरा सदरा, निळी जीन्स, कातडीचे वेगवेगळे वर्ण. त्याच्यावर पिवळ्याचा एक लेयर, 'मल्टिप्लाय'. खालच्या रंगांना ग्रुपमध्ये घालून पिवळ्यावर 'इनहेरिट अल्फा' लावला, म्हणजे तो माणसांच्या बाहेर सांडत नाही. मल्टिप्लायचा हिशेब साधा आहे, दोन रंगांचे आकडे गुणायचे आणि २५५ नं भागायचं. पिवळा घेतला लाल २५५, हिरवा २०५, निळा ०. पांढऱ्या सदऱ्यावर तोच उतरतो. जीन्सच्या ६०, ११०, १९० चे होतात ६०, ८८, ०, म्हणजे गडद हिरवा. हे बरोबर आहे, रहाडीतून निघालेल्या पोराची जीन्स तशीच दिसते. कातडीत मात्र निळा पूर्ण शून्य झाला की माणूस संत्र्याच्या सालीचा दिसतो. अपारदर्शकता सत्तर टक्क्यांवर आणली, थोडी कातडी परत आली.

खरी मेख सावलीत. पिवळ्यावर निळसर करडी सावली टाकली की शेवाळ तयार होतं : १५०, १६०, १९० गुणिले तोच पिवळा, उत्तर १५०, १२९, ०. चिखलाचा हिरवा. शाळेत पोस्टर कलरच्या पिवळ्यात काळा घातला की सर ओरडायचे, तीच गोष्ट. सावलीचा रंग बदलून मळकट गुलाबी केला, २०० १४० १५०. उत्तर २००, ११३, ०, विटकरीकडे जाणारा केशरी. पिवळ्या अंगावर पडलेली सावली पिवळीच वाटते आणि माणूस ओला दिसतो.

गर्दी वेगळी करायला सगळ्यात वर एक करडा लेयर, ब्लेंडिंग 'कलर'. तो लावला की चित्र कृष्णधवल दिसतं आणि फक्त फिकट-गडद उरतं. पुढचा उडी मारणारा मुलगा सगळ्यात उजळ, मागची रांग दोन पायऱ्या खाली, गच्चीवरच्या बायका त्याहून खाली. रंग तोच. करडा लेयर दर थोड्या वेळानं लावून पाहायचा, कारण पिवळा डोळ्याला फसवतो, कितीही भरला तरी फिकटच राहतो.

उडणारे शिंतोडे सरांनी नुसत्या टिंबा-टिंबांनी दाखवलेत. त्यांना वेगळा रंग दिला नाही.

संध्याकाळी सर आले होते. बंधारा लेयर उघडाच होता. स्क्रीनजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "ही गुलाबी रेघ कुणाची?"

"माझी. छापायची नाही सर, रंग अडवायला आहे."

"मिटव बघू."

मिटवली. परत लावायला सांगितली. परत मिटवायला. असं बऱ्याचदा झालं. मग म्हणाले, "इथे या मुलाच्या खांद्याला तू अडवलंस. मी तिथे सोडलंय, कारण तो रंगात मिसळतोय." खांद्यापाशी बंधारा पुसला. मुलाचा खांदा आणि मागचं पाणी एकच पिवळं झालं. चित्र त्या जागी सुटलं, म्हणजे चांगल्या अर्थानं.

९ सप्टेंबर

गणपती गेले. मधले दिवस काम बंदच होतं, घरी पाहुणे.

सरकारवाडा. सराफ बाजारातून दिसणारी बाजू, लाकडी खांब, दगडी जोतं, भिंतींवर आडव्या-उभ्या हॅचिंगची जाळी. इथे सावलीचा लेयर लावायचाच नाही असं ठरवलं. हॅचिंग म्हणजेच सावली. तिच्यावर मल्टिप्लायची दुसरी सावली चढवली की एकाच भिंतीवर दोन संध्याकाळी होतात, आणि रेघा धुरकट होऊन मरतात. उन्हाच्या बाजूला आणि सावलीच्या बाजूला एकाच उजळपणाचे दोन रंग दिले, उन्हात पिवळसर, सावलीत जांभळट. गडदपणा सगळा सरांच्या रेघांचा.

हा नियम मागच्या पानांनाही लावला. नारोशंकरावरचा सावलीचा लेयर काढला. तांबट आळीतला ठेवला, भांड्यांवर हॅचिंग फारसं नाही. रहाडीतला पुढच्या माणसांपुरता ठेवला. मागच्यांवर रेघा आहेतच.

२४ सप्टेंबर

अंबडच्या प्रेसमध्ये बसून सगळं ठरवलं. कागद १७० जीएसएम मॅट आर्ट, चार रंगांत ऑफसेट. चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असं मशीनवाल्या काकांनी बजावलं, कागद लवकर वाळत नाही म्हणे.

रेघांची फाइल वेगळी का आणली हे त्यांना समजावावं लागलं नाही, उलट ते खूश झाले. रेघ आणि रंग एकाच आरजीबी फाइलमधून (म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळ्यातून) छपाईच्या शायांत बदलून घेतले की काळी रेघ चारही शायांची होते. मग प्लेट जराशी सरकली तरी प्रत्येक रेघेला एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला लाल शेपटी. आपल्या पद्धतीत रेघ फक्त काळ्या शाईची, रंगांवर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता वरून छापलेली. खाली रंग अखंड चालू आहे, ग्रोमुळे दोन रंग रेघेच्या पोटाखालीच भेटतात. प्लेट थोडी हलली तरी पांढरं उघडं पडत नाही.

प्रेसनं दिलेला प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदाची रंगांची फाइल) क्रिटात बसवून सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापल्यावर रंग कसे येतील ते स्क्रीनवरच, पाहिलं, कंट्रोल-वाय. पिवळं पान जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. पिवळी ही मुळात शाईच आहे, तिला मिसळून तयार करावं लागत नाही. मारुतीचा शेंदूर मात्र विझला. स्क्रीनवरचा तेजस्वी नारिंगी शाईत नाही, मान्य करायचं. शेजारचं पाणी थोडं अजून थंड केलं तेव्हा शेंदूर पुन्हा वर आला.

२ ऑक्टोबर

प्रूफ, म्हणजे छपाईचे नमुने, घेऊन सरांकडे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. रहाडीचं पान उजेडात धरलं, डावा डोळा मिटला, मग उजवा, पुन्हा डावा. "या डोळ्यानं लिंबू, या डोळ्यानं हळद," म्हणाले. जुनी नैसर्गिक भिंगं वयानं पिवळट होतात, नव्या भिंगातून निळा प्रकाश जास्त आत येतो. दोन डोळ्यांना दोन कागद दिसणारच.

"मग कुठला धरायचा सर?"

"लोकांचा धर. मी रंग कुठे लावलाय?" आणि मग लगेच, "हळदीचाच बरोबर आहे पण. तिवंध्याचा पिवळा लिंबाचा नसतो."

मॅजेंटा (गुलाबी शाई) थोडी वाढवायची असं टिपून घेतलं, पंधरा टक्क्यांवरून वीस.

११ ऑक्टोबर

नोव्हेंबरच्या पानावर अडलंय. पांडवलेणी, तीन नंबरच्या लेण्याचा दर्शनी भाग, खाली ओटा खांद्यावर पेलणारे यक्ष. सरांनी या पानावर एवढं दाट काम केलंय की कागद दिसतच नाही. कुठलाही रंग खाली सरकवला की तो फक्त मळ वाटतो. फिकट दगडी, गुलाबी, पिवळा, सगळे ठेवून पाहिले. हे पान बिनरंगाचं छापावं असं माझं ठाम मत, आणि तसं शेठजींना सांगितलं.

शेठजी म्हणाले, "ताई, बारात एक पान काळं-पांढरं गेलं तर गिऱ्हाईक म्हणेल शाई संपली." त्यांचंही चूक नाही, नोव्हेंबर त्यांचा सीझनचा महिना.

सर ऐकत होते. म्हणाले, "आभाळ दे त्याला. लेण्याला नको." चित्रात आभाळ म्हणजे वर डोंगराच्या कडेबाहेरची एक अरुंद पट्टी. तिथे एकच सपाट रंग, हिवाळी सकाळचा फिका निळा, बंधारा नाही, ग्रो नाही, डोंगराच्या कडेशी हातानं सोडलेला. शेठजींनी पान लांब धरून पाहिलं. "तारखांचे आकडे तरी लाल ठेवाल ना?" ते लाल आहेत.

रंगाच्या बारा फायली आणि रेघांच्या बारा फायली आज प्रेसला दिल्या. बंधारा लेयर काढून टाकलेले नाहीत, मूळ फायलींत बंद करून ठेवलेत. सरांकडे त्र्यंबकची आणखी काही स्केचेस आहेत, दिवाळीनंतर स्कॅनरवर न्यायची.